गाडी धरायची रीत

त्या स्टेशनात तीन कंपन्यांच्या गाड्या येत आणि तिन्ही कंपन्या सवतींसारख्या नांदत. फलाट वाटलेले, गणवेश वेगळे, चहाची किटलीसुद्धा वेगळी. सामाईक रीत एकच: एकीची गाडी उशिरा आली, तर तिच्या माणसांसाठी दुसरीने आपली गाडी मिनिटभर धरायची. पण नियम नव्हता. धरायची की सोडायची, हे शिट्टी वाजवणाऱ्याच्या मर्जीवर.

पिवळ्या कंपनीची शिट्टी धाकटीकडे होती, हिरवीची तिच्या थोरल्या जावेकडे. घरी स्वयंपाकघर एक, पण वर्षभर बोलणं "मीठ द्या" एवढ्यापुरतं. गेल्या वर्षी धाकटीचे वडील अत्यवस्थ होते. ती धापा टाकत जिना उतरली, "जाऊबाई, धरा!" म्हणून ओरडली. थोरलीने तिच्याकडे सरळ बघत म्हटलं, "बाहेरच्या कंपनीसाठी आम्ही गाडी धरत नाही," आणि शिट्टी वाजवली. लगेच नवरा मोटार घेऊन आला खरा, पण ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून ते वाक्य धाकटीने जपून ठेवलं होतं. एकदा तरी ही त्याच जिन्यावरून धावत येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि आज ती आली. हिरवी गाडी उशिरा लागली होती. थोरलीचे केस सुटलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन. तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, हे धाकटीला घरी कळलंच होतं.

"धर गं जरा!"

धाकटीला इतकं बरं वाटलं, की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"बाहेरच्या कंपनीसाठी आम्ही गाडी धरत नाही, जाऊबाई." शब्द न् शब्द चवीने उच्चारून तिने शिट्टी फुंकली.

गाडी गेली. थोरली बाकावर बसली. शिव्या नाहीत, रडणं नाही.

"झालं समाधान?"

"कसलं? माझे वडील गेले. तुमची आई अजून आहे."

"तू जिना उतरायच्या आधीच ते गेले होते गं. मला फोन आला होता. परक्या माणसांनी भरलेल्या डब्यात तुला एकटीला कळायला नको, म्हणून सोडली गाडी. भावोजींना मीच बोलावून घेतलं होतं."

नवरा इतक्या लवकर कसा हजर झाला, हे धाकटीने वर्षभरात एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तू रडेचनास. नुसती माझ्यावर चिडलीस आणि त्या रागावर उभी राहिलीस. भावोजींना म्हटलं, राहू दे. राग तरी आहे तिला."

धाकटीने पिशवी उचलली. "उठा, जाऊबाई. पलीकडे लाल कंपनीची गाडी आहे. मी धरायला लावते. पाया पडते त्यांच्या, उठा!"

थोरलीच्या हातातला फोन वाजू लागला. दोघींनाही तो उचलवेना.