डब्ब्याले लावलेला कूलर

आमच्या नंदनवन मोहल्ल्यात मे महिन्यात माणूस एक वेळ उपाशी राहीन, पण कूलरबिगर नाही. तरी मामाजींवर, म्हणजे माह्या सासऱ्यांवर, त्या संध्याकाळी मी भडकलीच.

आमचा फोटो स्टुडिओ घरातच. आमच्या गिऱ्हाईक रोशनीच्या लग्नाचे सारे फोटो हार्डडिस्कच्या डब्ब्यात, दुसरीकडं कुठंच नाही. त्यातली एक डिस्क बिघडली म्हणून मी नवी लावली होती, आन् डब्बा बाकीच्या डिस्कांवरून तिच्यावर फोटो उतरवून राहिला होता. मधातच बंद पडला तं सारं गेलं समजा.

आन् लाइट गेली! मी निवांत, डब्बा यूपीएसवर होता ना. पण यूपीएस तं लगेच बोंबलायले लागला. वाकून पाहते तं यूपीएसच्याच बोर्डात मामाजींचा कूलर!

"अहो मामाजी, कूलर सारी बॅटरी पिऊन टाकते! आता रोशनीचं लगन का पुन्हा लावाचं?" मी पिन उपटली, पण बॅटरीत जास्त जीव उरला नव्हता.

तेवढ्यात गल्लीत बॅंड वाजला. वरात! आन् मागं गाडीवर धडधडता जनरेटर. मी धावत जाऊन नवरदेवाच्या घोडीसमोर आडवी झाली.

"भाऊ, एक लगन वाचवा!"

"कोणाचं वं?" नवरदेवाचे काका सुशीलभाऊ घाबरले.

"डब्ब्यातलं!"

सारं समजल्यावर ते पोट धरून हसले. खिडकीतून वायर आली, यूपीएस गप झाला. "मंग वरात इथंच नाचन," काका म्हणाले, "पण घरातल्यायनं बी नाचाचं!" मामाजी गुडघे सांभाळत असे नाचले का बॅंडवाले थकले. लाइट आली तवा एकही फोटो गेला नव्हता. मले हुश्श झालं.

वरात गेल्यावर मी विचारलं, "पण कूलर तिथं काहून लावला?"

"तूच म्हणत होती ना, डब्बा तापला का बिघडते. म्हणून माहा कूलर त्याले लावला. लाइट गेली तरी बंद पडू नये, म्हणून त्याच बोर्डात."

कूलरचं तोंड खरंच डब्ब्याकडं होतं. मामाजींच्या खाटेवर घडी केलेला पेपर पडला होता, हवा घ्यायले.

मी कूलर ओढत खाटेपाशी नेला, भिंतीच्या बोर्डात लावला. "आता हलवला तं याद राखा!"

"आन् डब्ब्याले?"

"त्याचं मी पाहीन. तुम्ही झोपा गुमान."