उलट्या पंख्याचं विमान

डोळे मिटा पाहू. समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि बेंबळीच्या माळावर उभे आहात. राज्य निजामाचं आहे, जगात मोठी लढाई पेटली आहे, आणि तुमच्यासमोर कुसळांच्या गवतात एक पिवळं विमान वाट चुकून उतरलं आहे. सगळं गाव लोटलंय. कुणी चाकाला नमस्कार करतंय, कुणी विमानवाल्याला ताक देतंय. तुम्ही काय बघाल?

महादेवीनं पंखा बघितला. नाकावरचा, दोन पात्यांचा. ही महादेवी म्हणजे कल्याणप्पा वाण्याची पोर. पहाऱ्याचा शिपाई तंबाखू चोळायला लागला, तशी ती पंख्यापाशी गेली आणि तिनं पात्यावरून हात फिरवला. पातं सपाट नव्हतंच. मधल्या बुंध्याशी ते जवळजवळ उभं होतं, आणि टोकाकडे जाता जाता आडवं होत गेलं होतं. कागदाची एक पट्टी घ्या, दोन्ही टोकं धरा आणि एक टोक जरासं पिळा, तसं. शिवाय त्याची एक कड जाड आणि गोल होती, दुसरी पातळ. दुकानातली सुतळी तिच्या कनवटीला होतीच. तिनं ती पात्यावर ताणली, लांबीला गाठ मारली, रुंदीला मारली.

"ए पोरी, हट तिकडं!" शिपाई ओरडला आणि त्यानं सगळी पोरं शेपटीकडं हाकलली.

ते एका परीनं बरंच झालं. तेल आलं, विमान सुरू झालं, तेव्हा सगळ्यांनी धुळीनं डोळे झाकले. महादेवीनं झाकले नाहीत. मागून, जिथून विमानवाला बघतो तिथूनच, तिनं पंख्याचं पहिलं वळण पाहिलं. जाड कड पुढं, पातळ कड मागं. मग विमान गेलं आणि माळ पुन्हा माळ झाला.

त्या हिवाळ्यात उस्मानाबादेत जिल्ह्याची नुमाइश भरायची होती. गावोगावच्या चांगल्या वस्तू तिथं मांडणार होते. बेंबळीच्या वस्तू आण्णासाहेब पाटलांच्या गाडीतून जायच्या. "पोरीनं इमान केलं तर तेबी नेऊ की," पाटील हसत म्हणाले होते. ते हसत म्हणाले, महादेवीनं मनावर घेतलं.

बलभीम सुतारानं तिला हलकं पांगाऱ्याचं लाकूड दिलं. दोघांनी मिळून अंग तासलं, पंख बसवले, हळदीच्या पाण्यानं रंगवलं. राहिला पंखा. तो बलभीमनं स्वतः करून आणला. पाती पिळलेली होती, कडाही होत्या. महादेवीनं विमान वाऱ्यात धरलं. पंखा नुसता थरथरला. फिरेना.

"वारंच न्हाय," बलभीम म्हणाला.

"वारं हाय. तुमचं धोतर बघा किती उडतंय."

तिनं पंखा काढून निरखला आणि तिच्या ध्यानात आलं. बलभीमचा जन्म दारं करण्यात गेला होता. दाराच्या दोन फळ्या कशा असतात? डावीची हुबेहूब उलट उजवी, जणू आरशात बघितलेली. त्यानं पातीही तशीच केली होती. मग वारा एका पात्याला इकडं ढकलणार, दुसऱ्याला तिकडं. पंखा फिरणार कसा?

"मामा, आरशातलं पातं नको. हेच पातं असंच्या असं फिरवून पल्याड लावायचं."

"तुझ्या बापाच्या दुकानाचं दार म्या केलंय, पोरी."

"दुकानाला उडायचं न्हाय, मामा."

बलभीम फुरंगटला. पण पटाशी त्यानं तिच्याकडं सरकवली. महादेवीनं सुतळीच्या गाठींवरून मापं लहान केली, एका पात्याचा पत्र्याचा साचा कापला आणि दोन्ही पाती त्याच एका साच्यावर बेतली. दोन पंखे तडकले, एक वाकडा निघाला. शेवटचा पंखा मात्र वाऱ्यात धरताच असा गरगरला की पातीच दिसेनात.

बघायला माणसं जमली. पाटीलही आले, विमानासमोर उकिडवे बसले. जरा वेळानं त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"थांबव ते. हे उलटं फिरतंय."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच, समोरून बघता पंखा डावीकडं फिरत होता.

"देवाला फेरी कुठून घालत्यात? आरती कशी ओवाळत्यात?" पाटील म्हणाले. "उलटी फेरी मसणात, पोरी. गावाच्या नावानं हे अवलक्षण न्यायचं व्हय?"

"त्यात काय एवढं, पाटील," बलभीम घाईनं म्हणाला. "सांजच्याला दुसरा करून देतो. उजवा."

"न्हाय," महादेवी म्हणाली.

"का गं? दुसऱ्या अंगानं पिळला तर उडायचा न्हाय का?" बलभीमनं विचारलं.

"उडंल. पर मग ते माळावर आलतं तसं ऱ्हायचं न्हाय. त्याचा पंखा असाच फिरत व्हता. पाटील, तुमी म्होरनं बघताय. चालवणारा मागं बसतो. इकडं शेपटीकडं या."

पटका सावरत पाटील शेपटीकडं आले आणि वाकले. तिथून पंखा उजवीकडं फिरत होता, देवळाच्या फेरीसारखा. कुणीतरी खुदकन हसलं. तिथंच घोटाळा झाला. पाटलांचे कान लाल झाले.

"नुमाइशीत जिल्ह्याचे तालुकदारसाहेब म्होरनं बघणार. शेपटीकडनं कोण बघतंय? पंखा बदल, न्हाय तर हे माझ्या गाडीत चढणार न्हाय."

कल्याणप्पांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "बदल गं, देवी. नुमाइशीला तरी जाईल."

"मग नुमाइशीला जाईल ते दुसरंच कायतरी असंल, अप्पा. त्याला म्या इमान म्हणायची न्हाय."

"लई जीभ चालती हिची," पाटील म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. शाळूची कणसं, घोंगड्या, बलभीमनं केलेला पाट. विमानाला जागा नव्हती. महादेवीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाटी आणि पाटीत विमान.

"कुठं निघालीस?" आई शरणम्मानं दारातून विचारलं.

"उस्मानाबादला."

"चालत? एवढ्या लांब?"

"इमान अजून उडत न्हाय, अव्वा."

शरणम्मानं कल्याणप्पांकडं पाहिलं. कल्याणप्पांनी दुकानाची फळी लावली, चपला घातल्या आणि लेकीच्या मागं निघाले.

गावाबाहेर पाटलांच्या गाडीनं त्यांना गाठलं. बैल थांबले. पाटलांनी वाकून पाटीत पाहिलं. आवाज कालच्याहून जरा मऊ होता.

"बदललास का गं पंखा? बदलला असशील तर दे इकडं. बस तूबी."

"न्हाय बदलला."

"न्हाय?"

"न्हाय."

महादेवी रस्त्याच्या कडेला झाली आणि तिनं गाडीला वाट दिली. धुरळा खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग पाटी अप्पांच्या हाती देऊन तिनं विमान दोन्ही हातांत उंच धरलं, नाक वाऱ्याकडं केलं आणि उस्मानाबादच्या वाटेनं झपाझप चालू लागली.