मेण निवेपर्यंत

थोरलीचा एक सिद्धान्त होता, आणि तो कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला ती एका पायावर तयार असे: प्रार्थनेला वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्या माणसाला प्रार्थनाच करायची नसते. आगमनकाळ आला की मात्र हा सिद्धान्त तिच्याच अंगावर उलटे. नाताळच्या वाटेकडे डोळे लावून मन आवरण्याचे ते आठवडे. आणि थोरली-धाकटी अशा दोघी जावांच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसण्याचेही तेच. दरवर्षी ती घरोघरी उजेड पोचवी आणि नाताळच्या उपासनेत बाकावर बसल्या बसल्या पेंगे. यंदा असे होऊ द्यायचे नाही, हे तिने मनाशी पक्के केले होते.

पक्के केले, आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आदल्याच दिवशी तिनेच घात केला. वेदीजवळ लावायच्या चार जाड मेणबत्त्या संध्याकाळपर्यंत चर्चला द्यायच्या होत्या; शिवाय एका दुकानदाराची मोठी मागणी डोक्यावर होती. वेळ वाचावा म्हणून तिने ओतलेले साचे गार पाण्याच्या टबात ठेवले. मेण निवताना आक्रसते, वातीभोवती खळगा पडतो आणि तो पुन्हा मेण ओतून भरावा लागतो, हे धाकटीला तिनेच शिकवले होते. पण गार पाण्यामुळे वरचा थर झटकन धरला, खळगा आतल्या आत दडला, आणि मेणबत्त्या अशा देखण्या दिसू लागल्या की थोरलीला स्वतःच्याच हुशारीचे कौतुक वाटले.

धाकटीने न विचारता त्यांतली एक पेटवली. ज्योत थोडा वेळ ऐटीत उभी राहिली, मग खचली आणि पातळ मेणात बुडून विझली.

“जाऊबाई,” धाकटी म्हणाली, “हिलाही उपासनेत डुलकी लागलेली दिसते.”

थोरलीने आधी वातीला दोष दिला, मग मेणाला, मग पाण्याला. प्रत्येक युक्तिवाद धाकटीने मान हलवत ऐकून घेतला. शेवटी आरोपी एकच उरला.

चारही वितळवून पुन्हा ओतायच्या, तर दुकानाचा माल आज होणे शक्य नव्हते. थोरलीने फोन करून तो सोमवारी मिळेल असे सांगितले. दुकानदार भडकला, दुसरीकडे जाईन म्हणाला.

“अवश्य जा,” थोरली म्हणाली. “घाईच्या मेणबत्त्या माझ्याकडून मिळणार नाहीत.”

साचे पुन्हा भरले गेले आणि थोरली त्यांच्यासमोरच्या बाकावर बसली. आता वाट पाहण्यावाचून काही काम नव्हते, आणि तेच तिला अवघड गेले. सवयीने हात माल भरायच्या खोक्यांकडे वळला. धाकटीने खोकी पलीकडे सरकवली. थोरलीने डोळे मिटले, तर पापण्यांआड दुकानदार उभा. तेव्हा तिने डोळे उघडून मेणाकडेच पाहिले. काठाकडून ते धूसर होत चालले होते, कुणाच्याही सांगण्याने नव्हे, आपल्या गतीने. पाहता पाहता तिची प्रार्थना सुरू झाली, आणि नवल म्हणजे तीत एकही मागणे नव्हते. चूक पोटात घालून पुन्हा वितळणाऱ्या त्या मेणाबद्दल तिने देवाचे आभार मानले, शेगडीबद्दल मानले, अजून न थरथरणाऱ्या आपल्या हातांबद्दल मानले.

मग ती धाकटीकडे वळली. “तू ती पेटवली नसतीस, तर उद्या सगळ्यांच्या देखत विझली असती. देवाचे आभार मानून झाले. तुझे राहिले होते.”

“पोचले,” धाकटी म्हणाली. “पण खळगा पडलाय बघा. ओता.”

थोरलीने वातीभोवती सावकाश मेण ओतले, भांडे शेगडीवर ठेवले आणि कुणी न सांगता परत बाकावर येऊन बसली.