ओंडक्यावर दोघी

लेकीला जावयाबरोबर एकटीला रानात पाठवायचं नव्हतं, म्हणून मी गेले. पक्षी बघायला गेले असं कुणी समजू नये. पक्षी मला दुकानाच्या पत्र्यावर रोज दिसतात, आणि त्यांची घाण मीच धुते.

चार महिन्यांपूर्वी ही धाकटी लेक नवऱ्याशी भांडून माझ्याकडे आली. जावयाने तिला न विचारता लांबच्या गावी बदली मागून घेतली, एवढं निमित्त झालं. आल्या आल्या फोनमधलं कार्ड काढून तिने गटारात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शिलाईच्या दुकानात काजं करायला बसली. तिच्या हातची कॉलर अशी बसते की गिऱ्हाईक आरशासमोरून हलत नाही. शिकवलंय कुणी? मी.

थंडी ओसरली, झाडांना पालवी फुटायला लागली, तशी विहीणबाईंनी टूम काढली. "दर वर्षी या दिवसांत आम्ही नदीवर पक्षी बघायला जातो. यंदा तुम्ही दोघीही या." विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. साधं बोलावणंसुद्धा हजेरी घेतल्यासारखं करतात. मी नाही म्हणणार, तोवर धाकटीने बूट पुसायला घेतले होते.

आम्ही पाच जण होतो. पाचवा जावयाचा मित्र, गळ्यात सदा दुर्बीण, म्हणून सगळे त्याला दुर्बीणवालाच म्हणतात. तासभर चालून नदीवर आलो. पाणी आटून लांब गेलेलं, मध्ये नुसत्या गोट्यांचं पटांगण. माझे गुडघे बोलायला लागले होते आणि विहीणबाईंची कंबर. गोट्यांच्या मधोमध एक ओंडका पडला होता, तिथे दुर्बीणवाल्याने आम्हा दोघींना नेऊन बसवलं. जावई आणि धाकटी टेकडीकडे निघाले. मी राखण करायला आले होते, ती आता नुसती नजरेनेच करायची होती.

दुर्बीणवाला काठावर पोचला, मागे वळला, दुर्बीण डोळ्याला लावली, आणि इस्त्रीखाली गिऱ्हाइकाचं कापड जळल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"मावशी, हलू नका! पाय आहेत तिथेच ठेवा!"

"साप आहे का रे?"

"टिटवीची अंडी! तुमच्या चहूबाजूंनी! गेल्या वर्षी इथे एकही घरटं नव्हतं हो!"

आत येताना आमच्या पायाखाली एकही कसं आलं नाही, देव जाणे. गोटे आणि अंडी अगदी कापडाच्या एका ठाणातून कापल्यासारखी. आता परत आत यायला त्याचाही धीर होईना. म्हणाला, "गाडीतून फिती आणतो. एकेका घरट्याजवळ खूण करत वाट काढतो. तोवर हलू नका, नाहीतर पक्षी बसणार नाहीत आणि सकाळच्या गारठ्यात अंडी जातील." आणि गेला पळत.

टिटव्या डोक्यावर ओरडून ओरडून दमल्या आणि एकेक करून खाली उतरल्या. एक माझ्या बुटापासून हातभर अंतरावर बसली. कपडे वेळेवर न मिळालेल्या बाईसारखी माझ्याकडे बघत होती.

"बरंच झालं," विहीणबाई कुजबुजल्या. "मुलांना मोकळं बोलता येईल."

"बोलायला चार महिने होते की."

"तो बोलतच होता. दुकानात फोन करायचा ना! अकरा वेळा केला, माझ्यासमोर बसून. दर वेळी तुम्ही म्हणालात, कामात आहे, सांगते." मग माझ्याकडे बघून, "सांगितलंत ना?"

फोन माझ्या कापायच्या टेबलावर असतो. वाजला की धाकटी मशीन थांबवून विचारायची, "कुणाचा?" मी म्हणायचे, "गिऱ्हाईक." पहिल्यांदा रागाने म्हटलं, जरा ताटकळू दे त्याला. तिसऱ्यांदा शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं. त्यानंतर मात्र कारण शोधलं नाही. तिच्या लग्नापासून नऊ वर्षं मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवत होते. आता टेबलावर दोन ताटं लागत होती.

मी उठायला गेले. टिटवी किंचाळत उडाली, आणि माझ्या टाचेजवळ मी ज्यांना गोटे समजत होते त्यांची चार अंडी झाली. विहीणबाईंनी माझा स्वेटर धरून खाली ओढलं.

"बसा!"

त्या आवाजाला किती वर्गांनी माना खाली घातल्या असतील. मीही बसले.

"मला वर जायचंय. तो बोलायच्या आत मला सांगायचंय तिला."

"इथून ओरडून सांगणार आहात?"

टेकडीवर ती दोघं बोटाएवढी दिसत होती, धाकटी लाल, जावई निळा. लाल थांबलं. निळं दोन पावलं पुढे गेलं, वळलं, हात हलवून काही सांगू लागलं. मग लाल तिथेच खाली बसलं. ऐकू काहीच येत नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती.

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

विहीणबाई नदीकडे बघत म्हणाल्या, "मनात आलं होतं माझ्या. पण तुमच्याबद्दल असा विचार करायची लाज वाटली."

आजवर त्यांचा एक शब्द मी खाली पडू दिला नव्हता. आज मी स्वेटरची बटणं काढून पुन्हा लावली. ओंडका इतका आखूड की पाठ फिरवायचीही सोय नव्हती.

दुर्बीणवाला काठापासून वाकून फिती खोचत बराच आत आला होता तेव्हा ती दोघं उतरली. धाकटी फितींच्या वाटेने आत आली आणि आमच्यापासून आठ-दहा पावलांवर, शेवटच्या फितीपाशी थांबली.

"अकरा वेळा, आई?"

पक्षी उठू नयेत म्हणून हळू बोलली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हो."

"गिऱ्हाईक म्हणालीस."

"म्हटलं."

"का?"

त्याची बदली, त्याचा ताठा, गणवेश, सगळी उत्तरं तयार होती. "तू गेलीस की घरात कुणी नसतं," मी म्हटलं.

तिने बाहीने नाक पुसलं. "एवढंच म्हणायचं होतंस. राहिले असते मी." मग म्हणाली, "ह्याच्याकडे जाईन की नाही, माहीत नाही. दुकानात मात्र उद्यापासून येणार नाही." आणि गाडीच्या वाटेला लागली. जावई माझ्याकडे नुसता बघून तिच्या मागे गेला, चांगली दहा पावलं अंतर ठेवून.

"मावशी, अजून वीस मिनिटं," दुर्बीणवाला म्हणाला. "काळजी करू नका, गाडीची किल्ली माझ्याच खिशात आहे. तुम्हाला सोडून कोण जातंय? सगळे एकाच गाडीतून जाऊ, दोन तासांत घरी."

दोन तास. काचा बंद, आणि ती माझ्या मांडीला मांडी लावून.

"सावकाश कर रे," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."