दातानं तोडलेला धागा

भिंतीच्या आत राहणारे लोक स्वतःला बिनवासाचे म्हणवून घ्यायचे. आता माणूस म्हटला की वास आलाच, पण थापा मारायला काही लागत नाही. खरी गोष्ट एवढीच, की तो वास भिंतीबाहेर न्यायची सोय नव्हती. बाहेर खारपट्टा होता, खारपट्ट्यावर धुकं होतं आणि धुक्यात हुंगे होते.

हुंग्याला डोळे नसतात, कान नसतात. तोंडाच्या जागी नुसतं नाक, आणि मागे भिजलेल्या दुलईसारखं लोंबणारं अंग. धुकं विरलं की हुंगाही विरतो आणि धुकं आलं की पुन्हा उभा राहतो, त्यामुळे त्याला मारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. वास सापडला नाही तर तो आंधळाच, शेजारून गेलात तरी त्याला पत्ता लागत नाही. पण एकदा का एखाद्याचा वास त्याच्या नाकात बसला, की तो हात धुऊन त्या माणसाच्या मागे लागतो.

आणि मिठावाचून तर कोणाचं चालत नाही. म्हणून मीठ आणायला जाणाऱ्यांचे कपडे धुलाईघरात उकळायचे, हातमोजे घालून वाळवायचे, हातमोजे घालूनच घड्या घालायच्या. घरच्या माणसानं त्यांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. शिवण उसवली तर उकळलेल्या धाग्यानं शिवायची आणि धागा कात्रीनं तोडायचा, हा दुसरा. धुलाईघराच्या फळीवर दोरीला बांधलेली कात्री त्यासाठीच लोंबत असायची. ज्या बाईच्या हातून कपडा बाटला तिला धुलाईतून काढून मीठ आणायला बाहेर पाठवत. वास लागलेल्या अंगानं बाहेर गेलेली बाई किती दिवस टिकते, हे काही कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

धाकटी लहानपणापासून धुलाईघरात होती. थोरला भाऊ, म्हणजे दादा, मीठ आणायला जायचा. त्याचे कपडे अर्थातच दुसऱ्या बाईच्या हंड्यात पडायचे. त्या सकाळी मात्र ती बाई खाली भट्टीपाशी गेली होती, धुक्यात जरा उघडीप मिळाली म्हणून नाकेदार दारातून ओरडत होता, आणि दादाच्या गळ्याचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"आण इकडे," धाकटी म्हणाली. तिनं हातमोजे चढवले, उकळलेला धागा घेतला, बटण पक्कं बसवलं, आणि मान वाकवून धागा दातानं तोडला.

सवय, दुसरं काय! या सवयीपायी लहानपणी आईचे किती धपाटे खाल्ले होते तिनं. कात्री हाताशीच होती. दादा शर्ट चढवून, तिच्याकडे बघून हसून, दाराबाहेर पडला आणि मग तिला जिभेवर धाग्याची चव लागली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावं असं वाटलं, पण दाराचा अडसर पडला होता. एका धाग्यानं काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि काठी घेऊन हंड्याकडे गेली.

मीठवाले परत आले ते दादाशिवाय. पाय मुरगळला म्हणाला, पलीकडच्या खोपटात थांबतो म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर धुकं जे दाटलं ते हलेना. आणि मग त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला, जिथे घर गावाच्या भिंतीला चिकटलेलं होतं, तिथे बाहेरून हुंगल्याचा आवाज येऊ लागला. लांब आत ओढलेला श्वास, थोडा वेळ शांतता, पुन्हा लांब श्वास.

नाकेदार येऊन ऐकून गेला. घराशी हुंगा आला म्हणजे माणूस संपला, असं सगळेच मानत. माणूस खायचा आणि त्याच्या वासावर त्याच्या घरी यायचं, ही हुंग्याची रीत. "मन घट्ट करा," नाकेदार वहिनीला म्हणाला. "त्याचं जे काही असेल ते उकळून टाका. वास गेला की हे बेणंही जाईल."

वहिनीनं त्याच्या अंगावर पातेलं फेकलं. मग ती रडली, भिंतीला लाथा घातल्या, बाहेरच्या हुंग्याला ऐकवू नये अशा शिव्या ऐकवल्या, आणि थकल्यावर शेजारणीनं आणलेलं जेवून पुन्हा रडायला बसली. धाकटी मात्र ढिम्म. तिची खाट मागच्या भिंतीला लागून होती. उशाशी तो श्वास चालू असायचा आणि ती छताकडे बघत पडायची. आधी भीती होती, मग तीही कुठे गेली कळलं नाही. चहा गरम पाण्यासारखा लागायचा, मग नुसत्या पाण्यासारखा लागू लागला. दादाचा विचार करायचा म्हणून ती करायची, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ असल्यासारखा वाटायचा.

"रड गं बाई एकदा," वहिनी म्हणायची. "तुझं हे असं बघवत नाही मला."

"येत नाही," धाकटी म्हणायची, आणि ते खरंच होतं.

कामावर ती रोज जायची. धुलाईघराची मुकादम म्हणजे एक जाडजूड म्हातारी, जिला सगळ्या जणी आत्या म्हणत, आणि जिच्या नाकावर कायम राग. तिनंसुद्धा धाकटीला बोलणं सोडून दिलं होतं. वाफेनं भरलेल्या त्या लांबड्या खोलीत हंडे रांगेनं खदखदत असायचे. टोकाला मोरी, मोरीला लोखंडी जाळी, आणि जाळीतून सगळं सांडपाणी भिंतीपलीकडे. धाकटीचा हंडा मोरीपासून जवळच होता.

वहिनी गाठोडं घेऊन आली तेव्हा धाकटी हंड्यातून एक चादर वर काढत होती. गाठोड्यात दादाचं सगळं होतं. सदरे, पांघरूण, उशीची खोळसुद्धा.

"घे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "तूच टाक. माझ्यानं नाही होणार."

धाकटीनं चादर दांडीवर टाकली, गाठोड्यासाठी हात पुढे केला, आणि तेवढ्यात चादर पुन्हा घसरून हंड्यात पडली. तिनं कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढली.

"अगं ए!" आत्या ओरडली. "भाजून घेशील की!"

उकळत्या पाण्यातून काढलेला हात लालबुंद झाला होता. धाकटीनं तो उलटासुलटा करून पाहिला. "काही नाही झालं," ती म्हणाली.

आत्या जवळ आली. तिनं धाकटीच्या दंडाला कचकचीत चिमटा काढला. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आत्याचा चेहरा उतरला.

"माझ्या मावशीचं असंच झालं होतं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "मी लहान होते. हुंगा माणसाला हुंगत राहिला ना, की असंच होतं. आधी चव जाते, मग कातडी बधिर होते. शेवटी माणूस बसल्या जागेवरून उठत नाही." तिनं धाकटीच्या लाल हाताकडे पाहिलं. "पण हुंग्याला तुझा वास कुठून मिळणार? तू तर कधी बाहेर गेली नाहीस."

मोरीच्या जाळीपलीकडून लांब श्वास ऐकू आला.

तिघींनीही मोरीकडे पाहिलं. धुलाईघरात दादाचं काहीच नव्हतं. जे होतं ते गाठोड्यात, आणि गाठोडं तर आत्ता आलं होतं. धाकटीला मात्र हा आवाज रोज दिवसभर तिथे असल्याचं आठवलं. घरी असली की उशाशी, कामावर असली की मोरीशी. तिनं तो कधी मोजलाच नव्हता, कारण तो तिच्या बरोबरच फिरत होता.

घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. बोलली तर धुलाईतून काढतील, खारपट्ट्यावर पाठवतील. तिनं ती भीती शोधली, पण हाताला लागेना. बोलायचं म्हणजे ओली दुलई एकटीनं उचलण्याइतकं जड वाटत होतं, एवढंच. वहिनीनं गाठोडं हंड्याच्या काठावर ठेवलं होतं.

"ते टाकू नकोस," धाकटी म्हणाली. "दादाचं बटण मी लावलं. धागा दातानं तोडला. त्याच्या शर्टाला माझी थुंकी आहे. तो माझ्या मागे आलाय, दादाच्या नाही."

वहिनीनं खाडकन तिच्या मुस्काटात दिली. धाकटीला त्या थपडेचा नुसता आवाज ऐकू आला.

"इतके दिवस!" वहिनी म्हणाली. "इतके दिवस तू तोंडाला कुलूप लावून बसलीस? आणि मी त्याचे कपडे उकळायला घेऊन आले!"

"भांडणं मागाहून," आत्यानं तिचा हात धरला. "डोकं चालव. पोट भरलेला हुंगा कोणाच्याच मागे जात नाही, पडून राहतो. हा भुकेला आहे. म्हणजे..."

वहिनीनं पुढचं ऐकलंच नाही. ती उकळलेल्या कपड्यांच्या कपाटाकडे धावली होती. आत्या नाकेदाराकडे गेली. त्याला तिनं काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक, पण बटणाचं काढलं नाही. हुंगा मोरीशी अडकलाय, तोवर पलीकडचं दार उघड, एवढंच. नाकेदारानं कपाळाला हात लावला, पण दार उघडलं. वहिनी दोन मीठवाल्यांना घेऊन धुक्यात शिरली.

"तू इथून हलायचं नाहीस," आत्यानं धाकटीला बजावलं. "तू उठलीस की तो उठला."

धाकटी जाळीशी बसली आणि तिनं हात जाळीला लावला. पलीकडे ते नाक आलं. ओलं, राखाडी, तिच्या दोन्ही तळव्यांएवढं. त्यानं श्वास आत ओढला आणि तिच्या हाताचं वजन गेलं. पुन्हा ओढला, तेव्हा खांद्याचं गेलं. तिला आईचे धपाटे आठवत होते, मग धपाटे आठवले आणि आई आठवेना. भट्टीचा आवाज लांब गेला. आपण इथे कशाला बसलोय हे तिला नीटसं सांगता आलं नसतं. उठायचं नाही, एवढंच धरून ती बसली होती. आत्या मागे उभी राहून तिचे खांदे दाबत होती, तिच्याशी काहीबाही बोलत होती, मध्येच रागानं नाक पुसत होती.

मग वहिनीचा ओरडा आला. "पाणी आणा! कोणीतरी पाणी आणा!"

दादाला त्यांनी उचलून आणलं होतं. ओठ फुटलेले, उजवा पाय मिठानं खाल्लेला, घोट्यापर्यंत काळा पडलेला, पण शिव्या द्यायची ताकद शाबूत. आत्यानं शर्ट ओरबाडून काढला, कात्रीनं बटण धाग्यासकट कापलं आणि भट्टीत टाकलं. ज्या धाग्यावरून वास लागला तो जळला, की हुंगा तो वास विसरतो. जाळीपलीकडचा श्वास मध्येच तुटला. नाक वर झालं, इकडे वळलं, तिकडे वळलं, आणि धुक्यात मिसळून गेलं.

नाकेदार काही दूधखुळा नव्हता. शर्टाला वास कोणाचा होता, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. धाकटीनं तोंड उघडलं.

"माझाच," दादा आधी बोलला. "कॉलर टोचत होती म्हणून चावत होतो. वाटेत धागा तुटला."

"कॉलर चावायला वासरू आहेस का रे तू?" नाकेदार खवळला. दादाला पुन्हा बाहेर पाठवायचं नाही, असं ठरलं. तसाही तो पाय आता खारपट्ट्याच्या कामाचा नव्हता. आत्यानं त्याला धुलाईघराच्या भट्टीवर लाकडं घालायला घेतलं.

हुंगा गेला, पण धाकटीचा बधिरपणा गेला नाही. वहिनी तिला ताट वाढायची, तिच्याशी बोलायची नाही. धाकटी जेवायची, कामाला यायची, काठीनं हंडा ढवळायची. हात भाजून घेऊ नये म्हणून आत्या तिच्यावर डोळा ठेवून असायची. भाऊ परत आला याचा आनंद व्हायला हवा, हे धाकटीला पाठ होतं.

एकदा दुपारी बाकीच्या बायका कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. दादा तिच्या हंड्याखाली लाकूड सारत होता.

"धागा मी तोडला होता," ती म्हणाली. "दातानं."

"माहितीये," दादा म्हणाला. "बघितलं की मी. समोरच तर उभा होतो."

धाकटीची काठी थांबली. "मग शर्ट का नाही बदललास?"

"बदलला असता तर का म्हणून विचारलं नसतं त्यांनी? तुला बाहेर काढलं असतं." त्यानं लाकूड आत ढकललं. "म्हटलं, जमलं तर निभावून नेऊ. मग वाटेत मागे श्वास ऐकू यायला लागला. बाकीच्यांच्या अंगावर कशाला आणायचा, म्हणून मागे राहिलो."

"पाय मुरगळला होता ना?"

"कुठला मुरगळतोय! खोपटाबाहेर तो बसलेला, म्हणून मिठाच्या हौदात उतरून लपलो. माझा वास त्याला मिळू नये म्हणून. शर्ट तेवढा वर धरला होता डोक्यावर. भिजवला असता तर मिठानं धागा खाल्ला असता, तू लावलेलं बटण तळाशी गेलं असतं. काय पक्कं लावलं होतंस गं. आईनं बघितलं असतं तर..." तो हसला. "तरी धपाटाच घातला असता."

 धाकटीनं काठी बाजूला ठेवली आणि तळाशी गेलेला एक सदरा काढायला, रोजच्यासारखा, हंड्यात हात घातला.

"आई गं!"

तिनं हात असा मागे ओढला की काठी, डबा आणि साबणाची पाटी सगळंच खाली आलं. हात पेटला होता. तो छातीशी धरून ती ओल्या फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडू लागली. कपडे टाकून बायका धावत आल्या. सगळ्यांत पुढे वहिनी होती. तिनं एक शब्द न बोलता धाकटीचा हात धरला आणि थंड पाण्याच्या बादलीत दाबून ठेवला.

"दुखतंय," धाकटी म्हणाली.

"दुखू दे," वहिनी म्हणाली, आणि तिनं हात सोडला नाही.