उणे दोन बुद्धीचे रानवट

दिग्विजय वाचत होता आणि सगळे हसत होते. हसत नव्हती ती एकटी ऋतुजा. पण तिची मान खाली होती, हातात पेन्सिल होती, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

जुळे सोलापुरातल्या दिग्विजयच्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी पाच-सहा जण जमायचे, त्याला आता चार वर्षं होत आली होती. खेळ असा, की एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेऊन 'मी आता अमुक करतो' असं बोलायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. पात्र घेताना आधी वंश निवडायचा. एल्फ उंच, देखणे आणि शहाणे. ड्वार्फ बुटके, दाढीवाले, खाणीत राबणारे. हाफलिंग खाऊन-पिऊन सुखी, घरंदाज. आणि ऑर्क काळे, ओंगळ, जन्मतःच दुष्ट. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांतून ही मंडळी खेळात आली आणि तशीच राहिली. वंशाप्रमाणे कुणाच्या बुद्धीत दोन गुण वाढायचे, कुणाच्या कमी व्हायचे.

दिग्विजय इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचा. घर अकलूजकडचं, बारमाही ऊस. माणूस हुशार आणि वाचलेला, पण आपण वाचलंय हे दुसऱ्याला विसरू न देणारा. गेलं वर्षभर तो या खेळाचं मराठी पुस्तक लिहीत होता. त्यातली चित्रं ऋतुजाने काढायची, असं ठरलं होतं. ती एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करायची आणि तिचा हात चांगला होता.

त्या रविवारी त्याने ऑर्कचं प्रकरण वाचायला घेतलं. मराठीत त्याने त्यांना 'रानवट' म्हटलं होतं.

"रानवटांना घर नसते," तो वाचत होता. "खांद्यावर काळे घोंगडे टाकून ते कळपांमागे माळरानावर भटकतात. बळ अधिक दोन, बुद्धी उणे दोन. त्यांच्याशी बोलणी होत नाहीत, फक्त लढाई होते." मग आवाज घोगरा करून, जबडा पुढे काढून त्याने रानवटाचं वाक्य म्हटलं, "नुसतं बोलायचंच व्हय? हाना की!"

त्यांच्यातला विरेश तर हसता हसता खुर्चीवरून घसरला.

ऋतुजाच्या हातातली पेन्सिल थांबली. ते वाक्य तिने ऐकलं होतं, याच खोलीत. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील बिरप्पा, म्हणजे आबा, डोळे दाखवायला सोलापुरात आले होते. दवाखान्यातून ती त्यांना थेट इथेच घेऊन आली. चाळीस मेंढरं राखणारा तो माणूस तासभर कोपऱ्यात बसून खेळ बघत होता. शेवटी त्यांनी कौतुकाने विचारलं होतं, "ह्यो कसला खेळ म्हनायचा? पट न्हाय, सोंगट्या न्हाईत. नुसतं बोलायचंच व्हय?" तेव्हाही सगळे हसले होते आणि आबाही त्यांच्यात हसले होते. दिग्विजयने फोनवर काहीतरी टिपून घेतलेलं तिला आता आठवलं.

तिने समोरचा कागद सरळ केला. दिग्विजयने दिलेल्या कच्च्या आराखड्यावरून ती पुस्तकातला नकाशा काढत होती. वायव्येकडून आग्नेयेला जाणारी नदी, नदीला भीमेचं वळण. वरच्या अंगाला कालवे, मळे, कौलारू घरं. तिथे हाफलिंग, म्हणजे त्याच्या मराठीत 'मळेकरी'. आणि खाली नैऋत्येला नुसता तपकिरी रंग आणि अक्षरं, 'रानवटांचा माळ'. तिचं गाव नेमकं तिथे होतं, सांगोल्याच्या पलीकडे. तीन आठवडे ती स्वतःच्या हाताने आपल्या गावावर तपकिरी रंग भरत होती आणि तिला ते कळलं नव्हतं. याचा तिला दिग्विजयपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

"हे वाक्य कुठून घेतलंस?" तिने विचारलं.

"सुचलं."

"आमच्या आबांचं आहे ते."

हसू थांबलं. दिग्विजयने कागद खाली ठेवले. "अगं, बोलीचा बाज असतो पात्राला. त्यात वाईट काय वाटून घ्यायचं? आबांना मी किती मान दिला त्या दिवशी! चहा मी स्वतः केला."

"चहा केलास आणि त्यांचं तोंड राक्षसाला लावलंस."

"हे बघ, ऑर्क मी नाही जन्माला घातले. ते पहिल्यापासून असेच आहेत. ज्या पुस्तकांतून हा खेळ आला, त्यांतही हीन प्राणी गावंढळ इंग्रजीच बोलतात. परंपरा आहे ती. मी फक्त मराठीत आणली."

"त्यांनी त्यांच्या गावाला हिणवलं. तू आमच्या गावाला हिणवतोस. आणि तुझे मळेकरी रे? ते पुस्तकी मराठी कसे बोलतात? अकलूजला काय सगळे व्याकरण लावून बोलतात?"

"आता तू हे जातीवर नेऊ नकोस."

"मी जातीचं नाव काढलं नाही. घोंगडं तू पांघरलंस त्यांना. मेंढरंही तूच दिलीस."

कळप म्हणजे मेंढरंच असं कुठे लिहिलंय, असं तो म्हणाला. मग तिनेच काढलेलं चित्र तिने त्याच्यापुढे सरकवलं. खाली त्याच्याच अक्षरात सूचना होती : 'मागे मेंढ्या दाखव.'

ती वाचून दिग्विजय चिडला. "तुला काय, शहरात येऊन आठ वर्षं झाली. तू तरी कुठे तसं बोलतेस?"

हे बरोबर होतं, आणि म्हणूनच ते झोंबलं. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तिच्या 'न्हाय'वर मुली हसल्या, तेव्हापासून तिने जीभ घासून-पुसून लख्ख केली होती. आबांशी फोनवर बोलायचं झालं तरी ती गच्चीवर जायची.

ती उठली. दारात म्हणाली, "वाचनालयात येत्या रविवारी खेळून दाखवणार आहेस ना? मी खेळेन. रानवट घेईन."

दिग्विजयला वाटलं, निवळली. चित्रं पुरी व्हायची होती, त्यामुळे त्याने लगेच मान हलवली.

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात सकाळी अकराला तीसेक माणसं जमली होती. बरीचशी कॉलेजची पोरं, चार-दोन मास्तर, आणि पहिल्या रांगेत महादेवप्पा नावाचे निवृत्त हेडमास्तर. भिंतीवर ऋतुजाची अकरा चित्रं आणि मधोमध नकाशा लावला होता. टेबलाशी तिघं खेळाडू बसले. खाणकरी म्हणजे ड्वार्फ झालेला विरेश, गंधर्व म्हणजे एल्फ झालेली संस्कृती आणि ऋतुजा. संस्कृती दिग्विजयची मामेबहीण, पहिल्यापासून त्याच्या शब्दाबाहेर नसलेली.

दिग्विजयने गोष्ट सुरू केली. आवाज त्याचा छान होता, लोक रंगले. मळेकऱ्यांचं गाव, गावाचं तळं, उन्हाळा. "आणि दक्षिणेकडून धुळीचे लोट उठले! रानवट तळ्यावर चाल करून येत आहेत. त्यांची म्होरकी आहे गोजा. ऋतुजा, तू काय करतेस?"

एवढ्या माणसांसमोर ऋतुजा ज्या बोलीत बोलणार होती, ती बोली तिने होस्टेलच्या त्या आठवड्यानंतर शहरात गच्चीबाहेर कधी काढली नव्हती.

"चाल न्हाय," ती म्हणाली. "मेंढरं पान्यावर आन्लीत. चार दीस झालं, पानी न्हाय त्येस्नी."

पोरं फिदीफिदी हसली. दिग्विजयच्या ओठांच्या कोपऱ्यातही हसू आलं. ती थांबली नाही.

"ह्या गावचा पुढारी कोन हाय? त्येला म्हनावं, गोजा एकली येती, हातात काय बी न्हाय. दोन दीस पानी पाजू द्या. त्येच्या बदली मेंढरं तुमच्या रानात बसवतो. लेंडीखत पडंल, पीक दुप्पट हुईल. तिसऱ्या दिशी आमी फुडं जातो. तुमच्या बा-आज्यानं बी असंच केलंय की. इचारा म्हाताऱ्यास्नी."

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतली दोन पोरं पुढे सरकून बसली. मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"सौदा चांगला आहे," विरेश हळूच म्हणाला. तो दुधनीचा, घरी अडतीचा व्यापार, त्याला सौदा कळायचा. "माझा खाणकरी कुऱ्हाड खाली ठेवतो. मी मध्यस्थी करतो."

"करता येणार नाही," दिग्विजय म्हणाला. "रानवटांशी बोलणी होत नाहीत. नियम आहे."

"मग फासा टाकून बघू," ऋतुजा म्हणाली. "नियमात फासा पण आहे."

"एकोणीस लागतील."

"आणि बुद्धी उणे दोन. म्हणजे वीस पडले तरी अठराच."

"हो."

"म्हणजे मी काहीही बोलले तरी चालणारच नाही."

"वंशच तसा आहे!" दिग्विजयचा आवाज चढला. "खेळायचं तर नीट खेळ. गोजाने हल्ला करायचा, या दोघांनी तळं वाचवायचं, अशी गोष्ट आहे. तू ती नासवतेयस."

"त्या दोघांतल्या एकाने तर कुऱ्हाड ठेवली."

संस्कृती खाली मान घालून पान उलटत राहिली. ऋतुजाने फासा उचलला आणि मुठीत घोळवला. ती तो टाकणार एवढ्यात दिग्विजयने तिचं मनगट धरून हात टेबलावर दाबला.

"फाशाची गरज नाही. मळेकऱ्यांच्या बुरुजावरून बाण सुटतो. गोजाच्या गळ्यात लागतो. गोजा मेली."

चार वर्षांत त्याने कुणाचं पात्र फासा न टाकता मारलं नव्हतं. या खेळात सूत्रधाराला याहून मोठं पाप नाही, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

पहिल्या रांगेतून महादेवप्पा म्हणाले, "अहो सर, फासा कुठं टाकलात?"

"सूत्रधार मी आहे."

"ते खरं हो. पण मग हिनं खेळायचं काय होतं?"

दिग्विजयचा चेहरा लाल झाला. ऋतुजाने मनगट सोडवून घेतलं, खुर्ची मागे ढकलली आणि भिंतीकडे गेली. एकेक चित्र काढून बगलेत मारू लागली. दिग्विजय धावत आला.

"ती पुस्तकाची आहेत."

"माझी आहेत."

"माझ्या कल्पनेवरून काढलीस!"

"तुझी कल्पना कुठून आली ते सांगितलंस ना परवा. जा, त्या इंग्रजी पुस्तकवाल्यांकडून चित्रं आण."

नकाशा त्याने एका बाजूने धरला, तिने दुसऱ्या. कागद जाड होता, तरी टर्रकन फाटला. वरचे मळे त्याच्या हातात राहिले आणि खालचा माळ तिच्या. तीस माणसांसमोर दोघं फाटके तुकडे धरून उभे होते.

"तू तशीच आहेस," तो दातओठ खात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. "कितीही शिकलीस तरी."

ती त्याच्या तोंडात मारणार होती. मारली नाही. मारली असती, तर त्याच्या पुस्तकातलं पान खरं ठरलं असतं, आणि ते सुख तिला त्याला द्यायचं नव्हतं. ती जिना उतरून खाली आली.

विरेश मागोमाग आला. "तो वाईट नाही गं. हट्टी आहे. मी बोलतो त्याच्याशी."

"त्या दिवशी खुर्चीवरून कोण घसरलं होतं?"

विरेश म्हणाला, "मला कळलं नव्हतं, ते आबांचं आहे म्हणून."

"दुसऱ्या कुणाच्या बापाचं असतं, तर चाललं असतं?"

तिने स्कूटी सुरू केली. तिला वाटलं होतं, आज मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. गांधीलमाशी चावल्यासारखं अंग नुसतं धगधगत होतं. सिग्नलला थांबल्यावर डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

महिनाभरात विरेश पुन्हा दिग्विजयच्या टेबलाशी जाऊन बसला. हे त्याने स्वतः सांगितलं नाही, संस्कृतीने टाकलेल्या फोटोत तो दिसला. ऋतुजाने चार वर्षांचा तो ग्रुप सोडला. रविवार रिकामे झाले, आणि ते फार लांब असतात हे तिला कळलं. कितीदा तरी तिचा हात फोनकडे गेला आणि मागे आला.

दिवाळीनंतर पुस्तक निघालं. चित्रं दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतली होती. त्याच आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यात तिला दिग्विजयचा मेसेज आला. 'झालं ते झालं. तुझ्या सूचनेचा विचार करून रानवट बदललेत. बोली काढली. बुद्धी आता उणे एक आहे. राग गेला असेल तर रविवारी ये.'

ऋतुजाने तो दोनदा वाचला. शेजारी डबा उघडून बसलेल्या जगदेवीने विचारलं, "कुणाचं गं?"

"कुनाचं न्हाय," ऋतुजा म्हणाली, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते 'न्हाय' आपसूकच बाहेर पडलं. जगदेवीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिने चटणीची पुडी पुढे केली.

ऋतुजाने आधी नंबर ब्लॉक केला, मग भाकरी मोडली.