मागचा वाकडा भांग

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फोनवर टाइप केलं, दोनदा पुसून टाकलं. कारण यात माझं काही कौतुक नाही. एका माणसावर मी हसलो होतो, आणि का हसायला नको होतं ते तो गेल्यावर अकरा आठवड्यांनी कळलं. पण मिस झेल्माला शब्द दिलाय, म्हणून लिहितो. दुकानात गिऱ्हाईक आलं की थांबेन, गेलं की परत सुरू.

तर त्या शुक्रवारी मी एका ट्रकचं चाक उघडून बसलो होतो आणि नॉरिन आली. नॉरिन म्हणजे मिस झेल्माची मुलगी. (आमच्याकडे वयस्क बाईला लग्न झालेलं असलं तरी मिसच म्हणतात.) तिकडे राजधानीत, सान होसेला बँकेत असते. केस इस्त्री केल्यासारखे सरळ, सँडल पांढरी, आणि आमचं दुकान पंक्चरचं. बाहेरच उभी राहिली.

"जाफेत, तू मम्मीचं डोकं बघितलंस?"

"टोपी बघतो रोज. डोकं कुठे दाखवते ती."

"काल ती झोपली होती तेव्हा मी टोपी वर केली. आत नुसता काथ्या झालाय. सोमवारी तिला घेऊन जातेय. पार्लरमध्ये सगळं कापून टाकणार."

"हो म्हणाली?"

"काहीच म्हणत नाही. तेच तर. हात लावायला गेले तर माझा हात झटकला तिनं. मला! तुझं ऐकते. रविवारपर्यंत काही होत असेल तर बघ."

माझं ऐकते हे काही खरं नाही. मिस झेल्मा कोणाचंच ऐकत नाही. पण वयानं माझ्या आजीएवढी असली तरी या अख्ख्या सिएनेगीता वस्तीत मला दोस्त कोण विचारलंत, तर तिचं नाव पहिलं येईल. आणि तिच्या आधी तिच्या नवऱ्याचं.

मिस्टर लिनवल धक्क्यावर होते. केळ्यांची जहाजं लागली की दोर बांधायचे, सोडायचे, तुटले की जोडायचे. चाळीस वर्षं तेच. बोटं अशी जाड की चहाच्या कपाच्या कानात एक जेमतेम जायचं. आणि त्याच बोटांनी ते बायकोचे केस पिळायचे. वेणी नाही, पीळ. वेणीला तीन बटा लागतात, याला दोन. अख्ख्या डोक्यावर भांग पाडून चौकोन करायचे आणि एका चौकोनाचा एक पीळ.

मिस झेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सव्वीस वर्षांपूर्वी भाताचं पातेलं घेऊन मागच्या पायरीवरून पडली. खांदा गेला, डोक्याला मागे पाच टाके पडले. जखम भरली, पण खांदा काही वर होईना. स्वतःचे केस करणार कसे? मग यांनी सुरुवात केली. धक्क्यावरचे लोक चिडवायचे, "लिनवल, आमच्या बायकोचं पण करून दे रे." हे म्हणायचे, "आधी तू तिच्यामागे तासभर तोंड बंद करून बसून दाखव. मग बघू."

मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे मी फोनवर बघून बघून शिकलो होतो, स्वतःच्याच डोक्यावर, पण तिसऱ्या दिवशी सगळं सुटायचं. एकदा ते सायकलची ट्यूब घेऊन आले आणि माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "हे काय? उंदीर लागलेत का?" मग दुकानातला एक दोर उलगडला. "बघ. दोन्ही पदर आधी उजवीकडे पिळायचे. मग एकमेकांवर डावीकडे. आता हा सुटायला बघतो आणि तिकडे तो आवळतो. दोघं एकमेकांना धरून बसतात. कळलं?"

कळलं. तेव्हापासून माझे पीळ पाच पाच आठवडे टिकतात. चार पोरी आणि दोन मास्तर आता माझ्याकडेच येतात.

आणि दुसरी गोष्ट शिकवली ती म्हणजे हात न लावणं. "केलं की विसरून जायचं. झोपताना साटिनची टोपी. दोन दिवसाआड पाण्याचा फवारा, बोटाच्या टोकाएवढं खोबरेल. पुढच्या दोन रांगा विस्कटल्या तर तेवढ्याच परत करायच्या. मागचं मागे राहू द्यायचं. आपले असले दाट कुरळे केस सारखे उकलून विंचरायचे नसतात. लोकांच्या हाताला खाज असते, त्यानंच तुटतात."

जहाजावर चढताना छातीत कळ आली आणि गेले. त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, त्यांनी तिचे केस पिळले होते. अंत्ययात्रेला मिस झेल्मा काळी हॅट घालून आली. तेव्हापासून ती पुढची रांगसुद्धा करू देत नव्हती.

रविवारी प्रार्थनेनंतर मी गेलो. व्हरांड्यात ती स्टुलावर बसलेली, टोपी डोक्यावर.

"आलास? तिनं पाठवलं ना? कात्री दाखव."

"कात्री नाही आणली."

"खिसे उलटे कर."

केले. टायरचा एक वॉल्व पडला आणि अर्धा बिस्किटाचा पुडा.

"बस मग."

आतून नॉरिन म्हणाली, "मम्मी, अकरा आठवडे झाले! मुळाशी जटा होतायत. मग एक एक करून सुटणारच नाहीत."

"नाही सुटल्या तर नाही सुटल्या."

"मग काय जन्मभर अशीच फिरणार?"

मिस झेल्मा माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तू सोडशील. न कापता, माहितीय मला. पण सोडलं की संपलं ना. त्याचा हात तेवढाच उरलाय माझ्यावर."

मी बिस्किट खाल्लं. खरंच खाल्लं. आणि खाता खाता सुचलं.

"मिस झेल्मा, सगळे एकदम नाही सोडायचे. एक सोडायचा, धुळीचा गुंता काढायचा, तोच परत पिळायचा. मग शेजारचा. शेजारचे धरून ठेवतात, त्यामुळे मधला भांग हलत नाही. केस नव्यानं पिळलेले, पण भांग सगळे तेच."

"लिनवलचे?"

"त्यांनी काढलेलेच. मी भांग पाडायची कंगव्याची दांडी टेकवणारसुद्धा नाही."

तिनं समोर नीरफणसाच्या झाडाकडे बघितलं. मग टोपी काढली.

बावन्न पीळ होते. मी मोजले. पाण्यात खोबरेल घालून फवारा मारला आणि खालून पहिला घेतला. शेंड्यापासून बोटांनीच, कंगवा नाही. सुटला तसा आतून मुठीएवढा केसांचा पुंजका आला.

नॉरिन किंचाळली. "टकली होतेय ती!"

"रोजचे गळालेले आहेत. पिळात अडकले होते, जाणार कुठे? अकरा आठवड्यांचे एकदम निघाले."

"इकडे दे ते," मिस झेल्मा म्हणाली. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. "एक पण खाली पडू देऊ नकोस. पाखरानं नेऊन घरट्यात घातला की महिनाभर डोकं धरतं माझं. लिनवल झाडाखाली पुरायचा."

दहा झाले. वीस झाले. नॉरिननं गूळ-आल्याचं लिंबू सरबत आणलं आणि हळूहळू माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मग फवाऱ्याची बाटली तिनंच घेतली. जिथं मुळाशी दोन पीळ एकमेकांत गुंतले होते तिथं आम्ही दोघं मिळून एक एक केस वेगळा करत होतो. मिस झेल्मा मध्येच शाळेतल्या गोष्टी सांगायची, मध्येच डुलकी. कापायचा विषय कोणी काढेना.

आता माझी चूक. पस्तीस झाले होते. बोटं आंबली होती, ऊन उतरत आलं होतं आणि मला वाटलं, आता जमतंय की. म्हणून मागच्या बाजूचे शेजारशेजारचे दोन पीळ मी एकदम सोडले.

दोन सोडले आणि मधला तो भांग उघडा पडला.

तो मला ओळखीचा होता. मागे डावीकडे, मानेच्या जरा वर. बाकी सगळे भांग आखल्यासारखे, आणि हा एकच चालता चालता मध्येच बाहेर फुगतो आणि परत जागेवर येतो. दोन वर्षांपूर्वी मिस्टर लिनवल केस करत असताना मी त्याचा फोटो काढला होता आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'मिस्टरांची लाईन पिऊन आलीय.' अकरा जण हसले होते. मिस्टर लिनवलना पण मीच दाखवला. ते रागावले नाहीत. "तुला सरळ पाहिजे तर तू सरळ काढ. ही राहू दे," एवढंच.

मला वाटलं होतं त्यांना डोळ्यांनी दिसत नसेल नीट.

आणि आता तो माझ्यासमोर. केस बाजूला धरायला घेतलेला कंगवा हातात. मी शपथेवर सांगतो, ठरवून नाही केलं. हात गेला. दांडीचं टोक खाली टेकवलं आणि सर्रकन रेघ ओढली. सरळ. छान दिसली. मग खालची बट घेऊन पिळायला लागलो, मुळाशी नीट आवळून.

"आई गं!"

मिस झेल्मा स्टुलावरून उठलीच. हात डोक्यामागे न्यायला गेली, पण खांदा वर जाईना, हात हवेतच अर्धवट.

"काय केलंस तिथं?"

"काही नाही... दुखलं?"

"ठणका लागला. टाक्यांची जागा आहे ती." ती परत बसली. नवल वाटल्यासारखं म्हणाली, "ती तर केव्हाच बरी झालीय. लिनवल पाच आठवड्यांनी करायचा, इतकी वर्षं. एकदा नाही दुखली."

मी बट सोडली. बोटानं बाजूला केली. त्या दोन बटांच्या मध्ये, बरोबर जिथं मी सरळ रेघ ओढली होती, तिथं वाटाण्याएवढी गुळगुळीत गुलाबी जागा होती. वाकडा भांग तिच्या बाहेरून जायचा. तिच्यावर कुठल्याच पिळाचा ताण येऊ नये म्हणून. वरचे केस तिच्यावरून नुसते खाली पडायचे आणि झाकायचे.

नॉरिननंही बघितलं. तिच्या हातातली बाटली तशीच वर.

"मिस झेल्मा," मी म्हणालो, "इथला भांग वाकडा होता. मी आत्ता सरळ केला. मोडला मी तो."

"वाकडा? लिनवलचा? शक्यच नाही. दोर एक सूत इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही तो."

"हा एकच. मी बघतोय तेव्हापासून. फोटो आहे."

फोटो शोधायला वेळ लागला. तिनं चष्मा लावला.

"मोठं कर." केला. "अजून मोठं कर." तिनं रेघेवरून बोट फिरवलं, आणि मग फुगवट्यापाशी बोट थांबलं. स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग कोणी कधी बघतो? सव्वीस वर्षं तिच्या डोक्यावर होती ती रेघ आणि तिनं पहिल्यांदा बघितली.

"मला वाटायचं बरी झाली," ती म्हणाली. आणि मग, "लबाड मेला. एका शब्दानं बोलला नाही."

नॉरिन खाली वाकली आणि आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून तो फोटो बघायला लागली. कोणी रडलं वगैरे नाही. सरबतात मुंगी पडली होती, ती मिस झेल्मानं काढली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू हा काढला कशाला होतास?"

खोटं बोलता आलं असतं. "हसायला," मी म्हणालो.

"किती जण हसले?"

"अकरा. मी धरून बारा."

"मग सांग त्यांना. का वाकडी होती ते. सगळं सांग, बिस्किट खाल्लंस ते पण."

"सांगतो."

फोन खुर्चीवर उभा करून ठेवला आणि फोटोत बघून बघून मी ती रेघ परत काढली. तीनदा चुकली. चौथ्यांदा जमली तेव्हा मी न विचारताच मिस झेल्मा म्हणाली, "हं. आता झाली."

बावन्नावा पीळ संपला तेव्हा नॉरिन वर्तमानपत्राची पुडी घेऊन झाडाखाली गेली. पांढऱ्या सँडल काढून ठेवल्या आणि स्वयंपाकघरातल्या डावानं खड्डा खणायला लागली. सोमवारच्या बसमध्ये ती एकटीच होती.

मी कंगवा पुसत होतो. मिस झेल्मानं माझा हात धरला, स्वतःचा हात मागे नेववेना म्हणून मान खाली वाकवली आणि माझं बोट ओढून बरोबर त्या जागेवर ठेवलं. मऊ होती जागा. जराशी गरम.

"पाच आठवड्यांनी ये. पण फोटो नको बघूस. फोन हरवतात. बोटानं ओळखायची."

"बोटानं ओळखेन."

"आणि घाई झाली तर?"

"नाही होणार, मिस झेल्मा," मी म्हणालो. "दर वेळी वळसा घालूनच जाईन."